किलोला डावं-उजवं नसतं

एक तारखेपर्यंत घर भाड्याने गेलं नाही तर त्यात दादा राहायला येणार, हे ठरलं तेव्हा मिलिमीटर घरी नव्हते. ते बाजारात एका भाजीवाल्याच्या तराजूखाली गुडघे टेकून पारड्याला चिकटवलेला चुंबक शोधत होते. चुंबक सापडला. संध्याकाळी ते विजयी मुद्रेने घरी आले, तर बायकोने चहाच्या कपासोबत ही बातमी हातात दिली.

"दादाला घरमालकाने नोटीस दिलीय," ती म्हणाली. "मी म्हटलं, आमचं दुसरं घर रिकामंच आहे."

"रिकामं नाहीये. ती गुंतवणूक आहे."

"गुंतवणुकीत सध्या कोणी राहतं का?"

"सध्या नाही."

"मग त्यालाच रिकामं म्हणतात."

मिलिमीटर हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. ते वजनमापे निरीक्षक होते, आणि एकदा ऑफिसला फुकट भेट आलेल्या चाळीस पट्ट्या त्यांनी अर्धा मिलिमीटर कमी भरल्या म्हणून परत पाठवल्या होत्या. तेव्हापासून सहकारी त्यांना याच नावाने हाक मारत. त्यांना ते आवडत असे. अशी अचूक पदवी आजकाल विद्यापीठंही देत नाहीत, असं त्यांचं मत होतं.

आता दादा. दादा म्हणजे बायकोचा थोरला भाऊ. एकटा जीव, सोबत अकरा फिशटँक. घरमालकाची नोटीस माशांमुळे नव्हती, पाण्यामुळे होती. त्यातल्या सगळ्यात मोठ्या टाकीने एका दुपारी खालच्या मजल्याची वाट धरली. एकही मासा खाली गेला नाही, असं दादा अजून अभिमानाने सांगतो. दादा मनाचा मोठा, पण एकदा टेकला की टेकला. आणि घरच्या माणसाकडून भाडं घ्यायचं नाही, हा बायकोच्या माहेरचा कायदा होता. म्हणजे म्हातारपणाची काठी म्हणून घेतलेल्या घरात अकरा टाक्या बुडबुडे सोडत बसणार. सात आठवडे हातात होते. तेवढ्यात चांगला भाडेकरू मिळाला, तर दादाचं दुसरीकडे बघू, इतकी सवलत बायकोने दिली.

घर तसं बरं होतं. चार मजली इमारत, मजल्यावर समोरासमोर दोन घरं, तिसऱ्या मजल्यावर यांचं पाच नंबरचं. तीन भाडेकरू येऊन गेले. तिघांनी दारातूनच बैठकीची खोली पाहिली आणि 'कळवतो' म्हणाले. 'कळवतो' हा 'नाही' या शब्दाचा शिकलेला भाऊ आहे.

शेवटी बायकोच्या मामेबहिणीला फोन लावला. ती दुसऱ्या शहरात आर्किटेक्ट होती.

"भावोजी," ती म्हणाली, "विकत घेणारा माणूस चौरस फूट बघतो. भाड्याने घेणारा दारात उभा राहतो आणि नव्वद सेकंदांत ठरवतो, की मी इथे संध्याकाळी काय करीन."

"काय करील?"

"तेच आपण त्याला दाखवायचं. गुंतवणुकीच्या घरात डिझाइनचं काम एवढंच. आज रविवार आहे, मला संध्याकाळपर्यंत मापं द्या. माझ्या ओळखीचे सुतार मिस्त्री तुमच्याच गावात आहेत आणि सध्या मोकळे आहेत. ते मोकळे असणं म्हणजे ग्रहणासारखं आहे, रोज होत नाही."

मापं द्या, हे मिलिमीटरांना सांगणं म्हणजे माशाला पोहून दाखव म्हणणं. ते टेप घेऊन तिसऱ्या मजल्यावर धडकले. कुलूप उघडेना. इतक्यात डाव्या हाताच्या दारातून समोरचे काका आले. काका निवृत्त लिफ्ट मेकॅनिक. नऊ वर्षांत एकदाही इमारतीच्या लिफ्टमध्ये बसले नव्हते. कारण विचारलं तर म्हणत, "मी तिला आतून बघितलीय."

"किल्ली इकडे द्या," काका म्हणाले. "यंत्राला प्रेमाने समजवावं लागतं." त्यांनी प्रेमाने समजवलं आणि अर्धी किल्ली कुलपात राहिली.

"चावीवाला उद्या येईल," काका जराही न ओशाळता म्हणाले. "तोवर माझं घर मोजा की. घरं सेम टू सेम आहेत."

मिलिमीटरांनी काकांचं घर मोजलं. काकांच्या खुर्च्या उचलल्या, कपाटं सरकवली, काकांनाही दोनदा सरकवलं. मामेबहीण फोनवर होती.

"उजेड कुठून येतो?" तिने विचारलं.

"सध्या पाच वीस झालेत आणि माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर ऊन आहे."

"सुंदर," ती म्हणाली आणि गप्प झाली. कलावंत गप्प झाला की खर्चाची चाहूल ओळखावी, पण मिलिमीटर तेव्हा अंगठ्याकडे बघत होते.

चौथ्या दिवशी चित्र आलं. खिडकीत एक रुंद लाकडी बाक, तो खांबाला वळसा घालून भिंतीलगत जाणारा, टोकाला पुस्तकांचं कपाट, बाकाखाली खण, भिंतीत दुमडून जाणारं टेबल. स्वयंपाकघराचा ओटाही त्याच लाकडात गुंफलेला. सगळं कारखान्यात बनणार आणि इथे आणून नुसतं बसवायचं. चित्रात बाकावर संध्याकाळचं ऊन पडलं होतं. बायको ते चित्र बराच वेळ बघत राहिली. "मीच भाड्याने राहीन म्हणते," ती म्हणाली.

कोणीही सामान्य माणूस इथे हो म्हणून मोकळा झाला असता. पण मिलिमीटर दुसऱ्याच्या घराच्या मापांवर विसंबणारे नव्हते. दरम्यान कुलूप उघडलं होतं. ते आपल्या घरात गेले आणि नकाशातली बेचाळीसच्या बेचाळीस मापं पुन्हा घेतली. भिंत, खिडकी, खांब, दार. प्रत्येक माप मिलिमीटरला मिलिमीटर जुळलं. त्यांनी खाली 'पडताळले, बरोबर' लिहून सही ठोकली. शिक्का मारायचा मोह कसाबसा आवरला.

दोष द्यायचाच तर त्यांच्या नोकरीला द्यावा. बावीस वर्षं माणूस वजनं आणि मापं तपासतो. किलो डावा आहे की उजवा, हे त्याला कोणी कधी विचारलेलं नसतं.

चित्र फिरत फिरत बँकेतल्या एका बाईंकडे पोचलं. त्या बदली होऊन गावात आल्या होत्या आणि गेस्ट हाउसच्या खाटेवर बसून पुस्तकं वाचत होत्या. त्यांनी फोनवर साफ सांगितलं, "मला हा बाक हवाय. त्याला चिकटून बाकीचं घर येत असेल तर येऊ दे. तीस तारखेला संध्याकाळी बघते. चित्रासारखा असला तर त्याच दिवशी करार."

मिलिमीटर त्या दिवशी ऑफिसात शीळ घालत होते. सहकाऱ्यांनी तब्येतीची चौकशी केली.

बावीस तारखेला टेम्पो आला. इमारतीचे सेक्रेटरी दारात लॅमिनेट केलेली सूचना घेऊन उभे होते. या गृहस्थांकडे प्रत्येक प्रसंगाला लॅमिनेट केलेली सूचना होती. सामानाची ने-आण अकरा ते एक, लिफ्ट वापरू नये, जिन्याला ओरखडा आल्यास ओरखड्याची लांबी कळवावी. शेवटचं कलम मिलिमीटरांना मनापासून पटलं.

मिस्त्रींनी माणसं लावून सगळं वर आणलं, बाक जोडला, सरकवला, आणि चार पावलं मागे गेले. मग विडी काढली. मिस्त्री काम चालू असताना कधी विडी ओढत नसत.

"साहेब, बाक बाथरूमच्या दारात येतोय."

"येणार नाही. माप बरोबर आहे."

"माप बरोबरच आहे. दारात अगदी बरोबर बसलाय. एक सूतही इकडेतिकडे नाही."

ओटा बघितला, तर सिंक भिंतीकडे आणि नळ पलीकडच्या कोपऱ्यात. दुमडतं टेबल खांबावर उघडत होतं. मिस्त्रींनी नकाशा हातात घेतला, उलटा केला, आडवा केला, आणि शेवटी उजेडासमोर धरून मागच्या बाजूने पाहिला.

"हे बघा," ते समाधानाने म्हणाले. "मागून बघितलं की घर बरोबर आहे."

बातमी जिन्याने पसरली, कारण लिफ्टवर कोणाचाच भरवसा नव्हता. सल्ले देणाऱ्यांची रांग लागली. वरच्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, समोर मोठा आरसा लावा, आरशात सगळं बरोबर दिसेल. सेक्रेटरी म्हणाले, कपाट उलटं उभं करा, डोकं खाली पाय वर. चौथ्या मजल्यावरच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी सांगितलं, की निसर्गातही काही रेणू असे उजव्या-डाव्या हातमोज्यांसारखे असतात, सगळं तेच पण एकमेकांत बसत नाहीत. ते चाळीस मिनिटं बोलले. बोलून झाल्यावर त्यांना फार बरं वाटलं आणि ते निघून गेले.

बायकोने मामेबहिणीला फोन लावून तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला.

"भावोजी," पलीकडून आवाज आला, "माप घेताना तुम्ही कोणत्या घरात उभे होता?"

सगळ्यांच्या माना हळूच काकांच्या दाराकडे वळल्या. मिस्त्री टेप घेऊन आत गेले आणि दोन मिनिटांत परतले.

"तिथे बसतंय," ते म्हणाले. "कान लावला तर खांब हाक मारतोय असं वाटेल, इतकं बसतंय."

"माझं माप चुकलेलं नाही," मिलिमीटर म्हणाले.

"माप नाही चुकलं," बायको शांतपणे म्हणाली. "घर चुकलं."

हे वाक्य मिलिमीटरांच्या काळजात किलोच्या वजनासारखं पडलं, तेही प्रमाणित किलोच्या. नवीन फर्निचर करायला पुन्हा तीन-चार आठवडे लागणार होते. तीस तारखेला आठ दिवस होते. त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला. "जावईबापू, त्या घरात प्लग किती आहेत? मला अकरा लागतील. घाई नाही, एक तारखेपर्यंत झाले तरी चालेल."

एकच मार्ग उरला. बाईंना हवा होता तो बाक; ओट्याचं नि टेबलाचं मागाहून बघता आलं असतं. बाक हलत नसेल तर बाथरूमचं दार हलवायचं, समोरच्या घरात आहे तसं दुसऱ्या टोकाला न्यायचं. भिंत फोडायची म्हणजे परवानगी लागणार. मिलिमीटरांनी रजा टाकली आणि बांधकाम परवानगीच्या कचेरीत गेले.

तिथल्या कारकुनाने अर्ज घेतला, नाव वाचलं आणि चष्मा पुसला.

"वजनमापेवाले तुम्हीच का? भाजीबाजार?"

"हो."

"चुंबक सापडला ते आमचे सासरे."

कारकुनाने खणातून पट्टी काढली आणि अर्जाचा समास मोजला. "समास चार सेंटिमीटर हवा. हा तीन पूर्णांक नऊ आहे."

मिलिमीटरांनी पट्टी मागून घेतली आणि उजेडात धरली. "या पट्टीवर पडताळणीचा शिक्का नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन उस्ताद पहिल्यांदाच एका मैफलीत भेटावेत, तसं झालं. कारकून उठला आणि म्हणाला, "बसा. तुमच्या इमारतीचा मूळ मंजूर नकाशाच काढतो." या कचेरीत आजवर कोणी स्वतःहून उठून नकाशा काढला नव्हता. पण दुसऱ्याच्या अर्जात खोट शोधायची असली की सरकारी माणसाला बळ येतं, हे मिलिमीटर स्वानुभवाने जाणत होते.

दोन तासांनी तो धुळीने माखून परतला. चेहऱ्यावर तेज होतं.

"अर्ज नामंजूर."

"कारण?"

"पाच नंबरच्या घरात बाथरूमचं दार तुम्हाला जिथे न्यायचंय, तिथेच आहे. जे आधीच तिथे आहे, ते तिथे हलवायची परवानगी देता येत नाही."

"तिथे नाहीये हो. मी स्वतः बघितलंय."

"तुम्ही काय बघता त्याला कचेरी जबाबदार नाही. हा बघा नकाशा."

मिलिमीटरांनी नकाशा पाहिला. मग पुन्हा पाहिला. जिना चढून वर आलं की डाव्या हाताला पाच, उजव्या हाताला सहा. डाव्या हाताला काका राहत होते.

"या नकाशाची प्रत मिळेल का?" त्यांनी विचारलं. "आणि तुमच्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा."

काकांनीच कोडं सोडवलं. "आठवतंय मला," ते म्हणाले. "पाट्या लावायला आलेला माणूस आधी लिफ्टने थेट चौथ्या मजल्यावर गेला आणि एकेक मजला उतरत पाट्या ठोकत आला. उतरताना त्याचं डावं म्हणजे आपलं उजवं. तरी मी त्याला म्हटलं होतं, लिफ्टने जाऊ नकोस."

म्हणजे मिलिमीटरांनी मोजलं ते घर त्यांचंच होतं. बेचाळीस मापं, खांब, अंगठ्यावरचं ऊन, सगळं स्वतःच्या घरातलं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. टेप खिशातून काढून पुन्हा खिशात ठेवली, पण अशी, की त्यात सगळं आलं.

"बरं बाई," बायको म्हणाली, "घरही नाही चुकलं. पण काका नऊ वर्षं तिथे राहतायत, त्याचं काय?"

आणि इथे, सांगायला बरं वाटतं, मिलिमीटरांनी नकाशाचा हात मागे घेतला. ते काकांसमोर स्टुलावर बसले. "काका, कागद काहीही म्हणो. ज्या घरात माणूस नऊ वर्षं राहिला, ते घर त्याचं. तुम्ही नको म्हणालात, तर मी हा नकाशा दुमडून ठेवतो आणि दादाला प्लग करून देतो."

काकांनी बराच वेळ गुडघे चोळले.

"तुमच्या घरात ऊन कधी येतं?" त्यांनी विचारलं.

"सकाळी सात ते साडेनऊ."

"डॉक्टर दोन वर्षं सांगतोय, गुडघ्यांना सकाळचं ऊन द्या. मी संध्याकाळचं देतोय, नि फरक पडत नाही म्हणून त्याला शिव्या घालतोय." ते उठले. "चला, न्या मला पलीकडे. एकच अट. माझी कुठलीही वस्तू लिफ्टने न्यायची नाही."

अंतर आठ फूट होतं. मिलिमीटरांनी अट लेखी मान्य केली.

राहिले सेक्रेटरी. त्यांना नकाशा दाखवला, तेव्हा ते आधी कलमं काढायला लागले आणि मग मध्येच थांबले. पहिल्या मजल्यावर त्यांच्या समोरच्या घरातलं बाथरूम चार वर्षं गळत होतं. त्या घरमालकाला त्यांनी आजवर एकतीस पत्रं पाठवली होती, शेवटची दहा लाल शाईत. त्यांनी नकाशावर बोट ठेवलं. मंजूर नकाशाप्रमाणे गळणारं बाथरूम सेक्रेटरींचं स्वतःचं होतं.

"हा विषय," सेक्रेटरी आवाज उतरवून म्हणाले, "सभेत काढायलाच हवा का?"

"तुम्हीच सांगा."

"गच्चीच्या कठड्याला बदामी रंग द्यायचा की फिकट पिवळा, यावर आपली सभा सहा वर्षं चालू आहे. त्यात आठही कुटुंबांनी घरं बदलायची म्हटली, तर आपल्यापैकी कोणी जिवंत राहील का? तिसऱ्या मजल्यापुरतं काय ते करा. अकरा ते एकची अट शिथिल समजा."

शिथिल कसली, सत्तावीस तारखेला सेक्रेटरी स्वतः काकांची गादी डोक्यावर घेऊन आठ फूट चालत गेले. बाक बसला. खांबाला असा बिलगला, जणू लहानपणी जत्रेत हरवलेला भाऊ भेटला. काकांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन दोन्ही पाट्यांची अदलाबदल केली आणि इमारतीच्या इतिहासातली सर्वांत मोठी मालमत्ता दुरुस्ती चार स्क्रूंमध्ये उरकली. पुढचा आठवडाभर ते सवयीने स्वयंपाकघर म्हणून कपाटात शिरत होते, पण गुडघे सुधारले.

तीस तारखेला बँकेतल्या बाई आल्या. दारात उभ्या राहिल्या. मिलिमीटरांनी नकळत घड्याळ लावलं. बाई चपला काढून सरळ खिडकीशी गेल्या, बाकावर बसल्या आणि पर्समधून पुस्तक काढलं. पाच वीस झाले होते. ऊन आत आलं आणि बाईंच्या डाव्या पायाच्या अंगठ्यावर थांबलं.

"बाकीचं घर बघायचं राहिलं," मिलिमीटरांच्या बायकोने आठवण करून दिली.

"असू दे," बाई पान उलटत म्हणाल्या. "कुठे सही करू?"

सत्तर सेकंद. मामेबहिणीच्या अंदाजात वीस सेकंदांची चूक होती, हे मिलिमीटरांनी तिला फोन करून कळवलं.

एक तारखेला सकाळी दादा अकरा टाक्यांसह आलाच. त्याला नाही सांगायचं कोणी, यावर घरात एकमत झालं नव्हतं. मिलिमीटर धावत इमारतीत पोचले, तर टेम्पो रिकामा होता. काकांच्या आतल्या खोलीत टाक्या ओळीने लागल्या होत्या. काका एका पंपाला कान लावून बसले होते.

"बेअरिंग गेलंय," काका म्हणाले. "किती वर्षांनी असा आवाज ऐकला."

"काका म्हणाले, इथेच राहा," दादाने सांगितलं. "त्यांना यंत्रांची सोबत, मला काकांची. आणि जावईबापू, तुमच्या समोरच. म्हणजे लक्ष ठेवायला बरं."

मिलिमीटरांनी आधी पायाखालच्या ओल्या फरशीकडे पाहिलं. मग त्यांच्या लक्षात आलं, की समोरच्या घरात बाई राहायला आल्यात, त्या दारावर पाच लिहिलंय, आणि आपण उभे आहोत ते घर आपलं नाही. इतका आनंद त्यांना बढतीतही झाला नव्हता.

"एक काम होतं," काका म्हणाले. "बाईंच्या बाकावर परवा मी बसून बघितलं. तसाच एक इथेही करून घेऊ म्हणतो, सकाळच्या उन्हाला. मिस्त्री खाली आलेत. माप मात्र तुम्हीच घ्यायचं. तुमचं माप चुकत नाही."

मिलिमीटरांची छाती दोन सेंटिमीटरने फुगली. त्यांनी खिशातून टेप काढली, खोलीभर नजर फिरवली. सगळीकडे टाक्या, पाणी आणि पाण्यात उभा असलेला दादा.

"इथे फार अडचण आहे," ते म्हणाले. "मी असं करतो, समोर बाईंच्याकडे जाऊन घेतो. घरं सेम टू सेम..."

बायकोने त्यांच्या हातातून हळूच टेप काढून घेतली आणि मिस्त्रींना हाक मारली.